मॉरिसला लावलेलं तेल

आमच्या घरात सगळ्यांत लाडाने हात फिरायचा तो मॉरिसच्या सीटांवर. तो हात माझा असायचा.

विनीत माझा नवरा. तोंडावर मी त्याला अहो म्हणायची, इथे म्हणणार नाही. आंब्याचा व्यापार, नाचणे रोडला बंगला, आणि पणजीच्या एका डॉक्टरच्या गराजमधून आणलेली जुनी विलायती गाडी, तीच ही मॉरिस. तांबड्या चामड्याच्या सीटा, अक्रोडाच्या लाकडाचा डॅशबोर्ड, आणि स्टिअरिंगला आधीच्या मालकाने हौसेने बसवून घेतलेलं सागाचं कडं. चालवायचा तो, आतून राखायची मी. आंब्याच्या टेम्पोवरच्या ड्रायव्हरच्या हाताला तंबाखूचा वास येतो म्हणून त्याला आत शिरायला बंदी होती.

आपल्याकडे उन्हाळ्यात चामडं तडकतं आणि पावसाळ्यात त्यावर बुरशी चढते. मी कोमट पाण्यात साबणाचा थेंब टाकून फडकं घट्ट पिळायची, एकेक शिवण पुसायची, सावलीत वाळू द्यायची. मग बोटांनी मलम जिरवायचं आणि उरलेलं जुन्या साडीच्या तुकड्याने टिपून घ्यायचं. दारांच्या रबराला ग्लिसरीन, लाकडाला मेण, सीटेखाली कापराच्या वड्या. आत शिरताना बांगड्या काढायच्या, कारण काचेने चरा पडतो. एकदा पडला होता. विनीतने माझं तोंड त्या चऱ्यावर दाबून धरलं, "बघ नीट," म्हणाला, आणि गाडीचं दार माझ्या बोटांवर आपटलं. माझी करंगळी तेव्हापासून वाकडी आहे. वाकडी करंगळी शिवणीत मलम भरायला बरी पडते, हेही मग त्यानेच दाखवून दिलं.

यंदा पाऊस सरल्यावर जुन्या गाड्यांची फेरी रत्नागिरीत येणार होती. रविवारी सकाळी गाड्या मैदानात लावायच्या, परीक्षक दार उघडून आतून बघणार. विनीतने मला समोर उभं करून सांगितलं, "आत एक डाग जरी निघाला ना, तर तुला जिवंत ठेवत नाही." असं तो नेहमीच म्हणायचा. या वेळी आवाज न चढवता म्हणाला.

त्याच आठवड्यात सासूबाई गावाहून आल्या. यमुनाबाई त्यांचं नाव, गाव लांज्याच्या आत. येताना नवे पोहे आणले आणि बाटलीभर काजूच्या टरफलांचं तेल आणलं. मागच्या खोलीच्या वाशांना वाळवी लागली होती, म्हणून तेल मीच मागवलं होतं. गावाला हे काळं तेल घरोघरी वाशांना आणि चौकटींना लावतात, मग कीड लाकडाच्या वाटेला जात नाही. कातडीला लागलं तर मात्र कातडी भाजून निघते. म्हणून ते काठीला चिंधी बांधून लावायचं, आणि वाळेपर्यंत कुणी हात लावायचा नाही.

शुक्रवारी मी डॅशबोर्डला मेण लावायला बसले, तर खाली पिवळा भुगा सांडलेला. लाकडाला बारीक बारीक भोकं पडली होती. भुंगा लागला होता. मी तिथेच पायरीवर बसले. सासूबाई जवळ आल्या, आधी माझ्या मोकळ्या हातांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "नवरा जिता आसताना हात उघडे कशापायी?" मी चऱ्याचं कारण सांगितलं. मग भोकं दाखवली.

"त्याने बघितलं तर?" त्यांनी विचारलं.

"मारतील."

त्यांनी खाली सांडलेला भुगा पदराच्या टोकाने टिपून घेतला.

शनिवारी सकाळी मी मासळी आणायला गेले. परत आले तर गाडी नव्हती. विनीत चाचणी घ्यायला पावस गावापर्यंत गेला होता. सासूबाई ओट्यावर काठीची चिंधी सोडवत बसल्या होत्या.

"वायच काजूचं लावलंय," त्या म्हणाल्या. "भुंगा मरल आनि भोकं पन दिसायची नाय."

"कुठे लावलंत?"

"फळीला लावलं. त्या गोल कड्याला पन लावलं. तो हितक्यात गाडी काढील, माज्या डोक्यातच नाय आलं."

माझ्या हातातली पिशवी खाली पडली. मी फोन लावला, पुन्हा लावला. गाडी चालवताना तो माझा फोन उचलत नाही. पळून जायचा विचार आला, पण कुठे जाणार? हेदवीला माझा भाऊ आहे, आणि मागच्या वेळी त्यानेच मला गोड बोलून परत आणून सोडलं होतं. दुपारी विनीत आला तो तळवे खाजवत आणि घाम पुसत. त्याच हातांनी त्याने तोंडही पुसलं होतं. मी म्हटलं, साबणाने हात धुवा, खोबरेल लावा. त्याने मला उलट्या हाताने बाजूला सारलं.

रविवारी सकाळी त्याचा डावा डोळा सुजून बंद झाला होता आणि दोन्ही तळव्यांवर मोठमोठे फोड टरारले होते. गाडी मैदानात जाणार नव्हती, एवढं त्याला कळलं. त्याने मला दंडाने ढकलत पोर्चमध्ये आणलं.

"स्टिअरिंगला काय लावलंस?"

मी गप्प राहिले. म्हातारीला वाचवायला वगैरे नाही, इतकी मी थोर नाही. खरं सांगितलं असतं तरी मार मलाच पडला असता, मग बोलून तोंड कशाला शिणवा. त्याने खुंटीवरचा जुना फॅनबेल्ट घ्यायला हात नेला, पण मूठच मिटेना. मग त्याने पाय वापरला. पहिली लाथ पोटात बसली. मी गाडीच्या उघड्या दारातून तिच्या पायरीवर आपटले आणि ओठ फुटला. माझं पहिलं लक्ष गेलं ते रक्त सीटेवर उडालं की काय याकडे. इतकी मी त्याच्या हाताखाली तयार झाले होते. याचा मला अजून संताप येतो.

दुसरी लाथ बरगडीत बसली. तिसऱ्या लाथेला श्वास गेला तो येईचना. मारून टाकणार हा, असं मला अगदी स्पष्ट वाटलं.

"मी लावलंय रे," सासूबाई घराच्या दारातून म्हणाल्या. "भोकं बघून हिला मारशील म्हनून लावलं. हिला काय बी ठावं नव्हतं."

विनीत थांबला. मला वाटलं, आईपुढे तरी लाजेल. तो वळला आणि त्याने तिच्या कमरेत लाथ घातली.

म्हातारी भिंतीला घसरून खाली बसली. ओरडली नाही. पोट आत ओढलं, हनुवटी छातीला लावली, डोकं दोन्ही हातांत झाकलं. तसं बसायला मी लग्नानंतर शिकले. त्या माझ्या कितीतरी आधी शिकल्या होत्या. सासरे जाऊन वर्षं झाली होती, तरी त्यांचं अंग ते विसरलं नव्हतं.

त्याने पुन्हा पाय उचलला तेव्हा मी उठले होते. मागून त्याला धक्का दिला, तो बोनेटवर आदळला. वळून मला लोटायला त्याने दोन्ही हात पुढे केले, आणि मी ते दोन्ही हात धरले. तळव्यांना तळवे लावून बोटं अडकवली आणि होता नव्हता तेवढा जोर लावून पिळले. फोड फुटले. पाणी आणि रक्त माझ्या कोपरांपर्यंत ओघळलं. तो किंचाळत गुडघ्यांवर आला. मी आणखी पिळले. मला बरं वाटत होतं, फार बरं वाटत होतं.

"सोड," तो म्हणाला. "नम्रता, पाया पडतो, सोड. आई, सांग हिला."

मी सासूबाईंकडे पाहिलं. पोरगा त्यांचा होता. त्यांनी सांगितलं असतं तर मी सोडलं असतं.

त्यांनी भिंतीचा आधार घेऊन पदराने तोंड पुसलं.

"सोडू नको, बाय," त्या म्हणाल्या. "उठला तर मारल."