काचेच्या आतला अर्धा

मी एक जुना लोहचुंबक आहे. खरं सांगायचं तर अर्धाच. दातांच्या दवाखान्यात बाकासमोर खाऱ्या पाण्याची एक टाकी आहे, तिच्या काचेवर चढणारं शेवाळ पुसणं हे माझं आणि माझ्या जुळ्या भावाचं काम होतं. भाऊ काचेबाहेर, मी पाण्यात.

मित्रांनो, कारखान्यात आम्ही एकाच दिवशी घडलो. त्याच्या पोटाला मखमल लावली, माझ्या पोटाला खरखरीत पट्टी. तेवढ्या फरकाने तो बाहेरचा झाला आणि मी आतला. तो वर गेला की मी वर जायचो, तो थांबला की मी थांबायचो. नऊ वर्षं आम्ही एकमेकांना ओढत राहिलो, पण अंगाला अंग कधी लागलं नाही. मध्ये बोटभर काच. चारी बाजूंना काच. बाहेरची माणसं यायची, गाल धरून बसायची, बरी होऊन जायची. मी मात्र तिथेच.

भावाला धरणारा हात डॉक्टरांच्या आत्याचा असे. काच पुसण्याआधी आत्या मला पाण्यावर ओढून घ्यायची आणि माझ्या पोटावरून अंगठा फिरवायची. वाळूचा कण अडकला असेल तर तो तिथेच कळायचा.

डॉक्टर हसायचे. "आत्या, रोज काय त्याची हिरडी तपासतेस?"

"मग तू तोंडात हत्यार न बघताच घालतोस का रे?"

त्या अंगठ्याची मला सवय झाली होती. दिवसभराच्या कोंडीत तेवढीच एक ओळखीची ऊब.

मग आत्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि तीन आठवडे काच पुसणं डॉक्टरांकडे आलं. पेशंट खोळंबलेले, डॉक्टर घाईत. त्यांनी भावाला कोपऱ्यातून झर्रकन ओढलं. माझी पकड सुटली. मी खाली दगडावर आपटलो आणि माझं प्लास्टिकचं कवच तडकलं. डॉक्टरांनी भावाला खाली नेऊन मला परत काचेवर घेतलं, तेव्हा माझ्या पोटाला वाळू चिकटलेली होती. कोणी अंगठा फिरवला नाही. काचेवर हातभर लांब ओरखडा उठला, माझ्याच पोटाने.

ओरखड्याचं दुःख सोसलं असतं. पण तड्यातून खारं पाणी आत शिरलं आणि माझ्या लोखंडाला गंज चढू लागला. मी जिथे जाई तिथे तपकिरी ओघळ राही.

"हे कसलं शेवाळ," डॉक्टर पुटपुटले, "पुसावं तितकं वाढतंय."

आणि ते मला आणखी जोराने घासू लागले. पुसणाराच डाग सोडत होता, मित्रांनो, आणि त्याला तोंड नव्हतं. पाणी बिघडत चाललं. माझ्या अंगावर टेकून झोपणारा केशरी मासा आता पाण्याच्या वरच्या थरात तोंड उघडत राहायचा. त्याला सांगावंसं वाटे, माझ्यापासून लांब जा. पण टाकीत लांब असं किती असतं?

बाविसाव्या दिवशी आत्या आली, डोळ्यांवर काळा चष्मा. डॉक्टर शेवाळाची तक्रार सांगत राहिले. तिने काच पाहिलीच नाही. मला वर ओढलं आणि अंगठा फिरवला. अंगठा तड्यावर थांबला.

"हे शेवाळ नाही रे. हा गंजलाय." तिने मला पाण्याबाहेर काढलं. "दातावरचं कीटण बरं ओळखतोस."

"काळ्या चष्म्यातून तुला दिसलं कसं?"

"दिसलं कुठे? लागलं."

बाही वर करून डॉक्टरांनी अर्धं पाणी बदललं. दोन दिवसांनी केशरी मासा पुन्हा दगडाशी खेळू लागला. टाकीतल्या पोवळ्याची एक फांदी मात्र पांढरी पडली ती पडलीच. ओरखडाही तसाच आहे. शेवाळ आधी तिथेच धरतं आणि आमच्या जागी आलेल्या नव्या जोडीला ते निघत नाही.

चुंबक जोडीनेच मिळतात, म्हणून भावालाही माझ्याबरोबर काढलं. आत्याने आम्हाला कोरडं पुसलं आणि खणात ठेवलं. नऊ वर्षांत पहिल्यांदा मध्ये काच नव्हती. आम्ही असे चिकटलो की आता कोणाला सोडवता येणार नाही. खण बंद आहे, अंधार आहे. पण ही कोंडी दोघांची आहे.

मित्रांनो, मुक्या वस्तूला कामाला लावण्याआधी तिच्यावरून एकदा अंगठा फिरवा. आम्हाला बोलता येत नाही. अंगठ्याला मात्र आम्ही सगळं सांगतो.