धामणीची गुढी

चिवट लाकडाच्या धामणीचं ते एक कोवळं झाड शोधायला गुणाजीने अख्खा माघ महिना घालवला, आणि घरात सांगितलं कुणाला? कुणालाही नाही. आता भोगा!

मुलुंडला डोंगराच्या पायथ्याशी इमारतीसाठी एक प्लॉट साफ करत होते. तिथला राखणदार कुंडलिक त्याच्या ओळखीचा. "कुठलंही घे रे, उद्या सगळंच तोडणार," तो म्हणाला. पण कुठलंही कसं चालेल? धनुष्यासाठी झाड मनगटाएवढं जाड हवं, माणसाच्या उंचीपर्यंत गाठ नको की फांदी नको. गुणाजी सालीवरच्या रेघा बोटाने चाचपत गेला. रेघ पिळवटलेली असली की आतलं लाकूडही तसंच, आणि तसलं धनुष्य ताणलं की हातात फिरतं. तेरावं झाड त्याला पटलं. ते तोडून, टोकं आधी सुकून चिरू नयेत म्हणून त्यांना त्याने ऑइलपेंट फासला, साल तशीच ठेवली आणि घरी आणून खाटेखाली सरकवलं. सावलीत, सालीसकट, वर्षभर हळूहळू सुकायला हवं. घाई केली की वाट लागली.

धनुष्य सुनेसाठी होतं. त्याच्या नंदूची बायको शुभा लग्नाआधी साताऱ्याला कॉलेजात तिरंदाजी करायची. इथे आल्यापासून पोर गप्पच. एकदा चाळीच्या गॅलरीत कपडे वाळत घालता घालता तिने डावा हात लांब केला, उजवा कानापर्यंत ओढला आणि एक डोळा मिटला. गुणाजीने ते पाहिलं आणि त्याच दिवशी धनुष्य करायचं ठरवलं. जन्म त्याने गिरणीच्या सुतारखात्यात काढला होता. संपात गिरणी गेली, हत्यारं पेटीत गेली, आणि आता हातही थरथरायला लागले होते. हात पुरते जायच्या आत एवढं एक काम व्हावं, बस.

पाडव्याला सकाळी तो कडुलिंब आणि साखरेची माळ घेऊन आला, तर गॅलरीत काठी उभी! वर खण, तांब्या, आणि त्याखाली सोललेली, न्हाऊ घातलेली, हळदकुंकू लावलेली त्याची धामण. त्यावर चैत्राचं रणरणतं ऊन.

"अण्णा, जुना बांबू भुंग्याने पोखरलाय. ही खाटेखाली मिळाली. कोयत्याने साल काढली, झकास निघाली ना?" शुभा हसली. या घरात ती इतकं मोकळं पहिल्यांदाच हसत होती.

गुणाजीने हात जोडले. दुसरं काय करणार? सुनेची या घरातली पहिली गुढी, आणि गुढी काही मावळतीआधी उतरवत नाहीत.

दहा वाजता तो जुनी छत्री उघडून गुढीपाशी जाऊन उभा राहिला. अकरा झाले, बारा झाले. शेजारीपाजारी हसायला लागले.

"अहो अण्णा, गुढीला छत्री?"

"असू दे गो. ऊन लागतंय तिला."

तेवढ्यात तड् असा आवाज झाला. धामणीला वरपासून खालपर्यंत लांबलचक चीर गेली. गुणाजीने डोळे मिटले. मग त्याला सगळं सांगावंच लागलं.

शुभा रडायला लागली. "तुम्ही सांगायचं तरी ना, अण्णा!"

"सांगितलं असतं तर तू नको म्हणाली असतीस."

ते खरंच होतं. तिने डोळे पुसले. "दुसरं आणू. मीपण येते."

"आता झाडात रस भरलाय. पुढच्या माघात तोडायचं, मग वर्षभर सुकवायचं. दोन वर्षं झाली गो. तोवर हे हात..." त्याने दोन्ही हात पुढे धरले. लपवण्यासारखं आता काही उरलंच नव्हतं.

शुभाने ते आपल्या हातांत घेतले. "तासणार मी. तुम्ही शेजारी बसून सांगायचं. चुकले तर ओरडायचं."

"मी नाही ओरडत कुणावर."

"मग मी शिकणार कशी?"

संध्याकाळी गुढी उतरवली. दुसऱ्या दिवशी सकाळी गुणाजीने पेटी उघडली, रंधा तिच्या हातात दिला आणि चिरलेली धामण पुढ्यात ठेवली. "हिच्यावरच शीक. हिचं आता काही बिघडत नाही."

तिच्या हातावर त्याने आपला हात ठेवला. त्याचा थरथरत होता, तिचा घट्ट होता. रंधा सरळ गेला, पातळ सालपट निघालं. शुभाला जोर चढला, तिने दुसऱ्यांदा सपकन मारला.

"अगो हळू! लाकूड आहे की काकडी?" गुणाजी ओरडला.

शुभाने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं, मग पदर खोचला आणि रंधा पुन्हा पहिल्यापासून लावला.