काळ्या स्क्रीनसमोरची खुर्ची

“गेला हा,” दीपाली म्हणाली. “स्क्रीन काळीठिक्कर आहे, नलिनीताई. लोगोसुद्धा येत नाहीये.”

नलिनीताईंनी लॅपटॉपच्या डाव्या कडेला तळहात टेकवला. “बंद करून परत चालू कर. आणि जरा बोलू नकोस.”

दीपालीने बटण दाबलं. पंखा आधी जोरात घुरघुरला, चार-पाच सेकंदांनी मंदावला आणि मग एका लयीत फिरत राहिला. तळहाताला कोमट हवा लागली.

“गेलेला नाही. गेला असता तर पंखा फिरलाच नसता, नाहीतर थांबून थांबून पुन्हा सुरू झाला असता. हा रोजच्यासारखा फिरतोय.”

“पण ताई, दिसत काहीच नाही ना.”

“मला कधी दिसतं?”

दीपाली हसली, आणि मग हसायला नको होतं की काय असं वाटून गप्प झाली.

नवव्या वर्षी नलिनी परबांची नजर गेली. मरोळच्या या पंपांच्या कारखान्यात त्या सव्वीस वर्षं टेलिफोन ऑपरेटर होत्या. टेलिफोनचा बोर्ड काढला तेव्हा त्यांना सांगण्यात आलं, आठ दिवस आराम करा. ते आठ दिवस चार महिने चालले. रिसेप्शनच्या कोपऱ्यातल्या खुर्चीवर त्या रोज नऊ ते साडेपाच बसायच्या. पगार पूर्ण, काम काही नाही. चहावाला सोडला तर जवळ कोणी थांबायचं नाही. शेवटी स्क्रीनवरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर त्या स्वतःच शिकल्या आणि भांडून ग्राहकांच्या तक्रारींचं टेबल मिळवलं. त्याला आता दोन वर्षं झाली होती.

आज स्क्रीन काळी होती, आणि वाचून दाखवणारा आवाजही गप्प होता.

मॅनेजर सुबोध सर टेबलापाशी आले. “परब मॅडम, लॅपटॉप गेला म्हणे? हरकत नाही, रिपेअरला पाठवू. पंधरा दिवस तक्रारी अल्पेश बघेल. तुम्ही रिसेप्शनला आरामात बसा.”

“आराम करूक मी काय आजारी आसंय?” रागावल्या की त्यांच्या तोंडी मालवणी यायची. मग सावरून त्या म्हणाल्या, “मी इथेच बसते, सर. विरारच्या सोसायटीचा पंप परवापासून बंद आहे. त्यांना बारापर्यंत उत्तर द्यायचंय.”

“कशावर देणार? स्क्रीन बंद आहे.”

“थोडा वेळ द्या.”

“मॅडम, दीपाली आयटीची आहे. ती सांगतेय ना?”

“तिला दिसतंय तेवढंच ती सांगतेय.”

सरांनी घड्याळ पाहिलं. “अकरापर्यंत,” ते म्हणाले आणि शेजारच्या टेबलावरच्या अल्पेशला तयार राहायला सांगून गेले.

“कॅप्स लॉक दाब,” नलिनीताई म्हणाल्या. “दिवा लागला?”

“लागला.”

“परत दाब.”

“विझला.”

“म्हणजे आत सगळं चालू आहे. आता मोबाइलचा टॉर्च काढ आणि स्क्रीनवर तिरका धर.”

“हे कुठे शिकलात हो तुम्ही?”

“रिपेअरवाल्यांचे व्हिडिओ ऐकते. ते लोक बडबड फार करतात. माझ्या फायद्याचं असतं.”

दीपालीने टॉर्च धरला. एकदम सरळ धरल्यावर नुसती काच चमकली. कोन बदलत नेला तेव्हा काळ्यावर काळी अशी पुसट अक्षरं दिसली. “ताई, आहे! पासवर्डची चौकट आहे. मागचा लाइट तेवढा गेलाय.”

नलिनीताईंनी पासवर्ड टाकून एंटर दाबलं. आवाज आला नाही. इथे मात्र त्यांची बोटं थांबली. स्क्रीनशिवाय त्यांचं अडत नव्हतं. आवाज नसेल तर रिसेप्शनची खुर्ची होतीच.

“काल मी गेल्यावर हा कोणी घेतला होता?”

शेजारी अल्पेशची खुर्ची करकरली.

“मी, मॅडम. मीटिंगमध्ये टीव्हीला जोडायला. माझ्या लॅपटॉपला ती केबल बसत नाही. ऑफिसचं लॉगिन आहेच ना सगळ्यांत.”

“पाडलास?”

“पाडला नाही. दरवाजाला जरासा लागला.”

“आणि आवाज?”

“ती वाचून दाखवणारी बाई मध्ये मध्ये बोलायला लागली ना यार. साहेब लोक बसले होते. म्यूट केली.”

“आणि सरांना सकाळी लॅपटॉप गेला म्हणून कोणी सांगितलं?”

अल्पेशने खुर्ची स्वतःच्या टेबलाकडे वळवली. नलिनीताईंनी पुन्हा विचारलं नाही. त्यांनी वरच्या ओळीतल्या कळा एकेक मोजत म्यूटची कळ शोधली आणि दाबली. आवाज अर्ध्या शब्दातूनच सुरू झाला.

अकराला सर परत आले तेव्हा त्या टाइप करत होत्या.

“चालू झाला?”

“बंद पडलाच नव्हता. स्क्रीनचा लाइट गेलाय फक्त.”

“मग पाठवायला तर लागेलच. येणारे-जाणारे बघतात, मॅडम. बंद लॅपटॉपसमोर बाई बसलीय, कसं दिसतं ते?”

“कसं दिसतं ते मला विचारू नका. रिपेअरवाल्याला इथे बोलवा, माझ्यासमोर उघडू दे. लॅपटॉप या टेबलावरून हलणार नाही. मीही हलणार नाही.”

दीपाली पटकन म्हणाली, “सर, एक माणूस आहे, इथे येऊन स्क्रीन बदलून देतो. मी आत्ता फोन करते.”

सरांनी पुन्हा घड्याळ पाहिलं. “बरं. पण विरारचं उत्तर पाठवण्याआधी मला दाखवा.”

ते स्क्रीनवर वाकले. काचेत त्यांचाच चेहरा होता.

नलिनीताईंनी कळ दाबली. आवाज सपाट्याने सगळं पत्र वाचून मोकळा झाला.

“काय म्हणाली?” सरांनी विचारलं.

“थांबा, तुमच्यासाठी हळू करते.”

त्यांनी वेग कमी केला. सर म्हणाले, अजून थोडा. त्यांनी अजून कमी केला. सर टेबलाच्या कडेला टेकले. मशिनमधल्या बाईचा आवाज आता एकेक शब्द सुटा सुटा उच्चारत होता. पलीकडे कोणाचा तरी फोन वाजला तेव्हा सरांनी हाताने गप्प राहायची खूण केली आणि डोळे मिटले.

“दुसरं वाक्य परत लावा,” ते म्हणाले.

नलिनीताईंनी वर जाणाऱ्या बाणाची कळ दाबली.