काळ्या बिस्किटांची भिंत

ती गेल्याचं मला कळलं तेव्हा माझे दोन्ही हात कोपरापर्यंत सिमेंटनं भरलेले होते. तिसऱ्या मजल्यावर परांचीवर उभा राहून मी बाहेरच्या भिंतीला गिलावा करत होतो. खिशातला फोन वाजला. थांबला, पुन्हा वाजला. गिलावा अर्धा सोडला तर सांधा दिसतो, म्हणून मी तेवढा पट्टा पुरा केला, हात धुतले आणि मग फोन घेतला. नाव बायकोचं होतं, आवाज किराणा दुकानदाराचा.

"मिस्त्री, दवाखान्यात या," तो म्हणाला. "सावकाश या."

सावकाश म्हटल्यावर मला कळलं.

पहिल्याच वेळी फोन घेतला असता तरी काही फरक पडला नसता, असं डॉक्टर म्हणाले. मी ते खरं मानलं. मानावंच लागतं.

ती दुकानात बिस्किटांचा पुडा आणायला गेली होती. काउंटरसमोरच खाली बसली, ती उठली नाही. दुसऱ्या दिवशी आमच्या मुलीचा वाढदिवस होता आणि मुलीच्या वाढदिवसाला घरात एकच गोष्ट व्हायची. चूल न पेटवता करायचं ते. मध्ये पांढरं क्रीम असलेली काळी गोल बिस्किटं, फेटलेलं क्रीम, पुन्हा बिस्किटं, पुन्हा क्रीम, असे थर काचेच्या ट्रेमध्ये लावून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवायचं. मुलगी चार वर्षांची असताना तिनं काचेतून ते थर पाहिले आणि विचारलं, "ही भिंत बाबांनी बांधली?" तेव्हापासून त्याचं नाव भिंत. आमच्या घरात भिंत खातात, असं मुलगी शेजारपाजारी सांगत फिरायची.

तिसऱ्या दिवशी माणसं पांगली आणि मी फ्रिज उघडला. ट्रे तसाच होता, फक्त वरचा चुरा तेवढा घालायचा राहिलेला. दुधाक्रीमची वस्तू, तीन दिवस झाले, आंबली असणार असं वाटून मी ती टाकून दिली आणि ट्रे घासून पालथा घातला. पालथा ट्रे मुलीनं पाहिला.

"यात काय होतं, बाबा?"

मी सांगितलं. ती ओट्याला टेकून खालीच बसली. रडली नाही. "एक चमचा तरी ठेवायचा," एवढंच म्हणाली. मग म्हणाली, "यापुढे माझा वाढदिवस करायचा नाही. कुणी फोनसुद्धा करायचा नाही."

पहिलं वर्ष मी तिचं ऐकलं. जावई नंतर म्हणाले, ती कामावरून, चष्म्याच्या दुकानातून, उशिरा आली, काही न खाता झोपली. पस्तीस वर्षांच्या बाईनं वाढदिवस केला नाही तर जगाचं काही अडत नाही. पण तिचा वाढदिवस मी ट्रेबरोबर धुऊन टाकला असं मला वाटत राहिलं. तो तिला परत द्यायचा, असं यंदा मी ठरवलं. भिंत बांधणं तर माझा धंदाच.

तिला बोलवायला निमित्त हवं होतं. फोन केला.

"परवा येशील का? ओट्याचा नळ गळतोय."

"मिस्त्री तुम्ही आणि नळ मी बसवू?"

"मग चष्मा सैल झालाय. नाकावरून घसरतो."

"बाबा, तुम्ही तो घालता कधी?" परवा कोणती तारीख आहे हे तिलाही माहीत होतं. "बघते," ती म्हणाली.

दुकानात गेलो. काळ्या बिस्किटांचे चार पुडे मागितले तेव्हा दुकानदारानं माझ्याकडे पाहिलं. पुडे पुसून दिले. एरवी तो काही पुसत नाही.

शेजारी शिवणकाम करणाऱ्या ताई राहतात. त्या दारातूनच म्हणाल्या, "भाऊ, क्रीम फेटायचं असतं हं, कालवायचं नसतं. थापी नका घेऊ."

"तुम्हाला येतं का?"

"मला खाता येतं. वहिनींनी कुणाला शिकवलंय?"

ते खरं होतं. तिनं कुणालाच शिकवलं नव्हतं. मला थर ठाऊक होते, कारण ते काचेतून दिसायचे. माप ठाऊक नव्हतं. पण पंचवीस-तीस भिंती मी खाल्ल्या होत्या, म्हटलं जमेल.

आता चूक सांगतो. वीट कोरडी लावत नाहीत. कोरडी वीट सिमेंटमधलं पाणी पिऊन टाकते आणि जोड कच्चा राहतो. म्हणून वीट आधी पाण्यात बुडवायची आणि बुडबुडे येणं थांबेपर्यंत बाहेर काढायची नाही. हे मी सोळाव्या वर्षी शिकलो आणि पुढं कित्येकांना शिकवलं. बिस्किटं दुधात भिजवायची एवढं मला आठवत होतं. मी पातेल्यात दूध घेतलं, दोन पुडे त्यात बुडवले आणि बुडबुडे थांबायची वाट बघत उभा राहिलो.

बुडबुडे थांबले तेव्हा पातेल्यात बिस्किट नव्हतं. काळा चिखल होता.

ताई बघायला आल्या. पातेल्यात वाकून बघितलं आणि पदर तोंडाला लावला. "भाऊ, हे काय, नाल्याचं काम घेतलंत का?"

मीही हसलो. घरात मोठ्यानं हसल्याला बरेच दिवस झाले होते.

चिखल सगळीकडे उडाला होता. ओटा पुसायला घेतला, बरण्या हलवल्या. कोपऱ्यातली मिठाची मोठी बरणी मी कधी हलवली नव्हती. ती हलवली तर मागं माझं जुनं पाप.

ओट्यामागं फरश्या मीच बसवल्या आहेत. एका कामावरून उरलेल्या आणल्या होत्या, त्यात दोन कमी पडल्या. तेवढी जागा नुसत्या सिमेंटची राहिली. तशाच दोन फरश्या मी पुढं शोधून आणल्या, दाराआड उभ्या करून ठेवल्या आणि रविवारी बसवतो म्हणालो. त्याला नऊ वर्षं झाली. "अख्ख्या गावाच्या भिंती चकचकीत," बायको म्हणायची, "आणि मिस्त्र्याच्या घराला ठिगळ." पाहुण्यांसमोरही म्हणायची. मग कधीतरी तिनं बोलणं सोडलं. मला वाटलं, कंटाळली.

त्या सिमेंटवर काहीतरी खरडलेलं दिसलं. मी चष्मा शोधून घातला. शिसपेन्सिलीनं लिहिलेलं होतं. जाड शिसं, माझ्या कामाच्या पेन्सिलीचं. त्या पेन्सिली हरवतात म्हणून मी वर्षानुवर्षं मजुरांवर चिडत आलो होतो.

अक्षर तिचं होतं.

"भांडं आधी गार. क्रीम दोन वाट्या, साखर अर्धी. तळाला चुरा दीड पुडा, लोणी चार चमचे, हलक्या हातानं. बिस्किट दुधात एक, दोन, बाहेर. वरचा चुरा वाढताना, आधी नाही."

बाजूला खाडाखोड. साखर आधी पाऊण होती, ती खोडून अर्धी केली होती. दोन-तीन ठिकाणी बोटाचे तेलकट ठसे. वर्षातून एकदा करायची, तिलाही माप लक्षात राहत नसणार. माझ्या आळसाचा तिनं फळा केला होता आणि माझं काम राहिलंय याची तक्रार बंद केली होती.

मी उभ्याउभ्या ते चार-पाच वेळा वाचलं. मग मोठं भांडं फ्रिजमध्ये ठेवलं आणि दुकानात जाऊन आणखी दोन पुडे आणले.

दुसऱ्यांदा घाई केली नाही. दीड पुड्याचा चुरा करून, लोणी घालून तळ बसवला. भांडं गार झाल्यावर क्रीम फेटलं. हात दुखला, पण गिलाव्याचा हात आहे, थांबला नाही. फेटणी उचलल्यावर क्रीमला टोक राहायला लागलं तेव्हा थांबलो. बिस्किट दुधात एक, दोन, बाहेर. मोजताना मोठ्यानं मोजलं. वरच्या थराचं बिस्किट खालच्या दोन बिस्किटांच्या मध्ये येईल असं लावलं, सांध्यावर सांधा येऊ दिला नाही. हे भिंतीवर लिहिलेलं नव्हतं, हे माझं. ट्रे झाकून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवला. एक पुडा चुऱ्यासाठी बाजूला काढला.

मुलगी दुसऱ्या दिवशी दुपारी आली. बारका पेचकस घेऊन आली होती. खुर्चीवर बसून तिनं माझ्या चष्म्याचे स्क्रू आवळले, नाकावर बसवून बघितला, कानांमागच्या दांड्या तपासल्या. "घालत जा आता," म्हणाली.

"घालतो. कालच घातला होता."

"कशाला?"

मी ट्रे काढून तिच्यासमोर ठेवला. ती काचेकडे बघत राहिली. काळा, पांढरा, काळा, पांढरा. मला भीती वाटत होती. उठून गेली असती तर मी काय म्हणणार होतो?

"मी सांगितलं होतं ना, करायचं नाही म्हणून."

"हो. ऐकलं नाही."

"ताईंनी केलं?"

"त्यांना फक्त खाता येतं. मी केलंय."

"खोटं."

मी बाजूला काढलेला पुडा आणि लाटणं तिच्या हातात दिलं. "वरचा चुरा राहिलाय. तो वाढताना घालायचा असतो."

ती पुडा धरून बसली. मग कागदासकट बिस्किटं लाटण्यानं चेचली, आईसारखीच, मान बाजूला वळवून. चुरा वर पसरला आणि कोपऱ्यातून मोठा चमचा घातला. चमचा तळाशी जाऊन अडला.

"बाबा, हे काय? चमचा वाकतोय."

"पाया आहे. पाया कच्चा ठेवून चालत नाही."

"खायचंय की वर मजला चढवायचाय?" पण तोवर घास तोंडात गेला होता. तिनं तो हळूहळू खाल्ला. डोळ्यांत पाणी आलं ते पुसलं नाही, दुसरा घास घेतला. "साखर बरोबर आहे," ती म्हणाली. "तुम्हाला कसं कळलं?"

मी मिठाची बरणी सरकवली. ती उठून जवळ गेली, वाकून वाचलं. खाडाखोडीवर बोट नेलं, पण टेकवलं नाही. मग मागं वळली.

"'हलक्या हातानं' असं लिहिलंय, बाबा. चष्मा घालून वाचलंत ना?"

"वाचलं. पण हात माझाच ना."

ती हसली. पुन्हा खुर्चीवर येऊन बसली आणि सरळ ट्रेमधूनच खायला लागली, लहानपणी खायची तशी, कोपऱ्यापासून आत आत. ताईंना हाक मारली. ताईंनी दोनदा घेतलं आणि नाल्याची गोष्ट रंगवून सांगितली. मुलगी हसून हसून टेबलावर आडवी झाली. निघताना तिनं उरलेल्यातलं अर्धं जावयांसाठी डब्यात भरलं.

"पुढच्या वर्षी तळ मी करणार," ती चप्पल घालता घालता म्हणाली. "तुम्ही वरचे थर करा."

"बरं."

"आणि या फरश्या? धूळ बसलीय नुसती. कधी बसवताय?"

"बसवतो."

"आईलाही असंच म्हणायचात," ती म्हणाली आणि गेली.

मी ट्रे धुतला, पालथा घातला. मिठाची बरणी जागेवर ठेवली. दोन्ही फरश्या दाराआड उभ्या आहेत. त्या बसवायच्या राहिल्या आहेत.