पाण्याबाहेरचे बावीस अंश

पंच्याऐंशी.

नाही, नाही, थांबा. पाणी एवढं तापलं तर मासे शिजतील.

मित्रांनो, मी एक जुना तापमान-सेन्सर आहे. बोटाच्या पेराएवढी स्टीलची टोपी आणि तिच्यातून निघालेली हातभर काळी वायर, एवढाच माझा देह. मी माशांच्या काचेच्या टाकीत राहतो आणि पाणी किती गरम आहे ते सांगतो. वीज आल्यावर मोजायला मला पाऊण सेकंद लागतो. तेवढ्यात कुणी घाईने विचारलंच, तर मी पंच्याऐंशी म्हणतो. कारखान्यातच ते माझ्या अंगात भरलं आहे. गाढ झोपेतल्या माणसाला हाक मारली की तो 'उठलोय, उठलोय' म्हणून कूस बदलतो ना, तसंच ते.

आता जागा झालो. सव्वीस पूर्णांक दोन.

मध्येच आकडा सांगायची मला खोड आहे. बोलणं तुटेल, पण इलाज नाही. नोकरीच तशी आहे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे माझ्यासारखे हजारो होते. आम्हाला बर्फाच्या पाण्यात बुडवलं. जो शून्य म्हणाला तो पास. माझ्या बालपणाविषयी सांगण्यासारखं एवढंच आहे.

पुढे मला एका दातांच्या दवाखान्यात नोकरी लागली. बाहेरच्या खोलीत सहा खुर्च्या, जुन्या मासिकांचा गठ्ठा आणि कोपऱ्यात आमची टाकी. टाकीशेजारी टेबलामागे ताई बसते. फोन घेते, नंबर लावते आणि आतून ड्रिलचा आवाज आला की घाबरलेल्या माणसाला माशांकडे बघायला सांगते. आत डॉक्टर असतात. ते तिचे धाकटे भाऊ. पेशंटसमोर ती त्यांना डॉक्टर म्हणते आणि दार लागलं की बंड्या.

तेव्हा टाकीत चौदा मासे होते. त्यांतला सगळ्यात मोठा, चपटा, नारिंगी मासा सदा नाराज दिसतो. कितीही खायला घाला, कुणीतरी मानपानात कमी पडल्यासारखा तोंड वळवून जातो. ताईने त्याचं नाव मामंजी ठेवलं आहे.

सुरुवातीला मी एका तयार डब्याला जोडलेला होतो. मी आकडा सांगायचा, डब्याने हीटर चालू-बंद करायचा. सहा वर्षं आम्ही दोघांनी इमानेइतबारे काम केलं. माझ्याकडे कुणी ढुंकूनही बघितलं नाही. अंगावर शेवाळ आलं. एक गोगलगाय तर माझ्यावर इतकी वर्षं बसून होती की

सव्वीस पूर्णांक एक.

की ती उठली तेव्हा मला चुकल्याचुकल्यासारखं झालं.

मग एका थंडीत डबा मेला. तो बनवणारी कंपनी त्याच्याही आधी गेली होती. हीटर बंद पडला, पाणी गारठलं आणि चौदाचे अकरा मासे उरले. डॉक्टर म्हणाले, आणखी एक मासा गेला की टाकी जाईल आणि त्या भिंतीवर टीव्ही येईल. ताईने विचारलं, बातम्या बघून कुणाचा दात दुखायचा थांबलाय? डॉक्टर हातमोजे चढवत आत गेले. ठरलं ते ठरलं.

आणि मित्रांनो, सत्तावन्नाव्या वर्षी ताई प्रोग्रामिंग शिकायला बसली.

जगभरच्या मासे पाळणाऱ्या लोकांनी मिळून टाकीच्या कंट्रोलरचा एक ओपन सोर्स प्रकल्प चालवला आहे. एक छोटा सर्किट बोर्ड घ्यायचा आणि त्यात त्यांचा प्रोग्राम भरायचा. हा प्रोग्राम कुणा एकाच्या मालकीचा नाही. कुणीही वाचावा, वापरावा, दुरुस्त करावा आणि दुरुस्ती परत सगळ्यांना द्यावी. दुरुस्त्या तपासणारे गृहस्थ कुठल्या देशात राहतात कुणास ठाऊक. ते 'कासव' या नावाने लिहितात आणि उत्तरही नावाला साजेशा वेगाने देतात.

पहिल्या दिवशी ताईने बोर्डावरचा दिवा लुकलुकवला. डॉक्टरांना हातातलं काम टाकून बाहेर बोलावलं. खुर्च्यांवरच्या दोन पेशंटनाही उठून यायला लावलं. त्यांतल्या एकाचा गाल सुजला होता, पण तोही कौतुकाने बघत उभा राहिला.

मग कंस आले. उघडलेला कंस बंद करायला ती विसरायची आणि सगळा प्रोग्राम अडून बसायचा. तेव्हा तिने आपला नियम काढला. अपॉइंटमेंटच्या कार्डांमागे प्रोग्राम लिहायचा आणि पेन्सिलीने तपासायचं: वरची कवळी आहे, खालची कुठाय? त्यानंतर तिचा एकही कंस बोळका राहिला नाही.

सव्वीस पूर्णांक दोन.

मोजायच्या भागात प्रकल्पाने सांगितलेले टप्पे तिला लांबलचक वाटले. तेवढ्या चार ओळी तिने आपल्या मनाने लिहिल्या आणि एका सोमवारी सकाळी मला बोर्डाला जोडलं. टाकीवर छोटा पडदा लावला, शेजारी भोंगा. बटण दाबलं.

तिने मला विचारलं, किती?

मी म्हणालो, पंच्याऐंशी.

भोंगा कोकलला. पडद्यावर 'पाणी ८५ अंश' असं झळकलं. टाकीजवळच्या खुर्चीतल्या निवृत्त मास्तरांनी वर्तमानपत्राची घडी केली, मग ते शांतपणे उठले आणि तीन खुर्च्या सोडून बसले. डॉक्टर हातमोज्यांसकट बाहेर आले. त्यांनी टाकीत बोट घातलं, पडद्याकडे बघितलं आणि मग बहिणीकडे बघितलं.

"सेन्सर खोटं बोलतोय," ताई म्हणाली.

मित्रांनो, सहा वर्षांच्या नोकरीत माझ्यावर आलेला हा पहिला आळ. मी काय करणार? मला आकड्यांखेरीज दुसरं काही बोलता येत नाही.

तिने ताडकन प्रकल्पात तक्रार लिहिली. दोन दिवसांनी कासवाचं एका ओळीचं उत्तर आलं: 'मोजायला सांगितल्यावर तुम्ही किती वेळ थांबलात?'

ती थांबलीच नव्हती. बावीस वर्षं सगळ्या गावाला 'बसा हं, पाचच मिनिटं' म्हणून ताटकळत ठेवणाऱ्या बाईने मला एक सेकंदही दिला नव्हता. ते तिच्या लक्षात आलं तेव्हा ती एकटीच इतकी हसली की डॉक्टरांनी आतून विचारलं, काय झालं. तिने प्रोग्राममध्ये एक सेकंद थांबायची ओळ घातली आणि काचेवर टकटक करून मला म्हणाली, "माझंच चुकलं हं."

मी सव्वीस पूर्णांक दोन म्हणालो. त्यात सगळं आलं.

पुढचे चार महिने सुखाचे गेले. ताई येताजाता पडद्याकडे बघायची, म्हणजे माझ्याकडेच बघायची. मग तो मंगळवार आला.

सफाईवाल्या मावशी दर मंगळवारी येतात. त्या दिवशी त्यांनी टाकीची काच पुसली, मला बाहेर काढलं आणि माझ्या अंगावरचं शेवाळही पुसलं. इतक्या वर्षांत हे कुणी केलं नव्हतं. मला भरून आलं. मग त्यांनी वायरीची नीट गुंडाळी केली, मला टाकीच्या काठावर ठेवलं आणि बादली घेऊन गेल्या.

वर एसी होता. मी मोजलं आणि सांगितलं.

बावीस.

बोर्डाला वाटलं, पाणी गार पडलं. त्याने हीटर चालू केला.

बावीस.

ताईने पडद्याकडे बघितलं. हीटरचा लाल दिवा लागलेला होता. होईल गरम हळूहळू, असं म्हणून ती फोन घेऊ लागली. त्या दिवशी गर्दी फार होती.

बावीस. बावीस. बावीस.

दोन तासांनी कुणीतरी पेशंट म्हणाला, ताई, तुमचा मासा जांभया देतोय. ताईने वळून बघितलं. मामंजी पाण्यावर तोंड काढून हवा गिळत होते. तिने हात घातला. पाणी न्हाणीघरातल्या बादलीसारखं लागलं. तिने प्लग उपटला आणि फ्रिजमधल्या गार बाटल्या टाकीत तरंगत सोडल्या. तेव्हा कुठे तिला काठावर बसलेला मी दिसलो. मी तिला प्रामाणिकपणे सांगितलं, बावीस.

दुपारपर्यंत दहा मासे सावरले. मामंजी मात्र तळाशी एका कुशीवर कलंडून राहिले.

डॉक्टर ओरडले असते तर बरं झालं असतं. ते हळू आवाजात म्हणाले, "ताई, तू खूप केलंस. पण आता पुरे." आणि त्यांनी टीव्हीवाल्याला शुक्रवारी भिंत मोजायला बोलावलं.

दवाखाना जेवणासाठी बंद झाला. ताईने जेवणाचा डबा उघडलाच नाही. बोर्डात साठलेले माझे आकडे कागदावर उतरवून ती बसून राहिली.

दहा वाजून चार मिनिटं, २६.१
पाच मिनिटं, २६.१
सहा मिनिटं, २४.३
सात मिनिटं, २३.०
आठ मिनिटं, २२.२

प्रोग्राममध्ये चूक नव्हती. माझ्यात चूक नव्हती. मग दुरुस्त काय करायचं? चार वाजले तरी कागद तिच्यासमोरच होता.

समोर एक धिप्पाड बस ड्रायव्हर दोन दिवसांपासून दाढ दुखतेय म्हणून गाल धरून बसला होता. ताईने त्याचा नंबर पुकारला. तो उठला आणि दाराकडे बघत म्हणाला, आता एकदम बरं वाटतंय, येतो मी.

दातांच्या दवाखान्यात हे रोजचंच. नंबर आला की निम्म्या लोकांचं दुखणं पळतं. ताईने मान वर न करता रोजचंच उत्तर दिलं.

"बसा. दोन दिवसांचं दुखणं दोन मिनिटांत जात नसतं."

आणि तिचं पेन थांबलं. तिने कागदाकडे बघितलं, मग टाकीतल्या भरल्या पाण्याकडे.

"पाणीसुद्धा," ती स्वतःशीच म्हणाली, "दोन मिनिटांत गार होत नसतं."

ड्रायव्हरला काही कळलं नाही. पण तो बसला.

ताईने तीन कार्डांमागे अकरा ओळी लिहिल्या. आकडा दोन मिनिटांत दीड अंशाहून जास्त हलला, तर त्यावर विश्वास ठेवायचा नाही. तो पाण्याचा आकडा नव्हे. हीटर बंद करायचा आणि भोंगा वाजवायचा. मग तिने कवळ्या मोजल्या. सगळ्या जोडीने होत्या. मग त्या ओळी तिने बोर्डात भरल्या.

शुक्रवारी टीव्हीवाला टेप घेऊन आला. डॉक्टर बाहेर आले. ताई म्हणाली, सेन्सर पाण्याबाहेर काढा आणि फक्त दोन मिनिटं द्या. डॉक्टरांनी स्वतःच माझी वायर धरली आणि मला पाण्याबाहेर खेचलं.

दोन मिनिटं फार मोठी असतात, मित्रांनो. टीव्हीवाला उघडी टेप धरून उभा. आतल्या खुर्चीत एक बाई तोंडाचा आ वासून पडलेल्या. ताईने घड्याळाकडे बघितलं नाही. ती मामंजींकडे बघत होती. ते कोपऱ्यात सरळ उभे होते आणि नेहमीप्रमाणे सगळ्यांवर नाराज होते.

पंचवीस. चोवीस पूर्णांक चार.

भोंगा वाजला. लाल दिवा विझला. पडद्यावर अक्षरं आली: 'सेन्सर पाण्याबाहेर आहे. आधी त्याला आत टाका.'

डॉक्टरांनी मला आत टाकलं. अगदी हळू टाकलं. मग टीव्हीवाल्याला विचारलं, "आत, खुर्चीच्या वर छताला लागेल का हो? झोपल्याझोपल्या दिसेल असा?"

ताईने त्या अकरा ओळी प्रकल्पाला पाठवल्या. कासवाने विचारलं, दीड अंश आणि दोन मिनिटं हे कसं ठरवलंत? तिने मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिलं: बावीस वर्षं दातांच्या दवाखान्याच्या दारात बसून. कासवाने तीन दिवस विचार केला आणि ओळी स्वीकारल्या. महिन्याभराने कुठल्याशा देशातून एका अनोळखी माणसाचा निरोप आला. त्याच्या मांजरीने सेन्सर ओढून बाहेर काढला होता. भोंगा वाजला. नऊ मासे जिवंत आहेत. ताईने तो निरोप दारात उभं राहून डॉक्टरांना मोठ्याने वाचून दाखवला. त्यांचे दोन्ही हात कुणाच्या तरी तोंडात होते, पण ते म्हणाले, परत वाच.

मित्रांनो, माझं मागणं फार नाही. मोजायला एक सेकंद द्या. वर्षातून एकदा शेवाळ पुसा आणि पुसून झालं की परत पाण्यात टाका. आणि कुणी अगदी खरं सांगत असला, तरी तो कुठे बसून सांगतोय हे जरा वाकून बघत चला. त्या मंगळवारी मी एक आकडाही खोटा सांगितला नव्हता, आणि मामंजी मरता मरता वाचले.