चोवीस प्लग

“ताई, न्यायला याल का त्यांना? रागावलो नाहीये मी,” बाबांचे साहेब फोनवर म्हणाले. म्हणजे चांगलेच रागावले होते.

बाबा बत्तीस वर्षं नेटवर्कच्या केबल जोडत होते. मी पोचले तेव्हा ते केबलच्या रॅकसमोर स्टुलावर बसले होते. अर्ध्या इमारतीचे संगणक बंद होते.

“काय झालं, बाबा?”

“माती खाल्ली मी.”

प्लग बसवला की तो एकदा ओढून बघायचा, ही त्यांची शिस्त. प्लग नीट बसला की वर लागणाऱ्या हिरव्या दिव्यांकडे बघायची त्यांना कधी गरजच पडली नव्हती. जुन्या प्लगला प्लास्टिकची छोटी जीभ असायची. ती टक् करून अडकली की कितीही ओढा, प्लग हलत नसे. आज सगळे नवे प्लग बसवायचे होते. दाटीच्या रांगेत जीभ दाबायला बोट शिरत नाही, म्हणून नव्या प्लगचं टोपण मागे ओढलं की कुलूप उघडतं. बाबा सवयीने ओढून बघत गेले आणि पक्के बसलेले चोवीसच्या चोवीस प्लग निसटत गेले. पूर्वी बोटांना लगेच कळलं असतं. वर्षभरात बोटं बधिर झाली होती. त्यांनी ते कुणाला सांगितलं नव्हतं. मलाही नाही.

“प्लग चांगला आहे हो,” ते साहेबांना म्हणाले. “जुन्याची जीभ मोडायची, याचं मोडण्यासारखं काही नाही. चूक माझी.”

“काका, राहू द्या. दुसरा माणूस येतोय.”

“मी केलेलं मीच निस्तरतो. मग बसतो घरी.”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. बाबांना जाऊन आता तीन महिने झाले. मी होकार दिला तो प्लग बसवण्याला की घरी बसण्याला, हे मला अजून सांगता येत नाही.

ते उठले. प्लग बसवायचा, कान जवळ नेऊन आवाज ऐकायचा आणि लगेच उजवा हात खिशात घालायचा. असं चोवीस वेळा. मध्ये एकदा हात अर्धा बाहेर आला नि परत आत गेला. शेवटचा हिरवा दिवा लागला तेव्हा साहेब खिडकीबाहेर बघत होते.

जिना उतरताना बाबांनी माझं कोपर धरलं. आयुष्यात पहिल्यांदाच.

“कठडा त्या बाजूला आहे ना, म्हणून,” ते म्हणाले.

कठडा दोन्ही बाजूंना होता.