सशाची पकड

मंगळवारी माझी आई कायनेज झाली. कायनेज म्हणजे इतर प्रथिनांना फॉस्फेटची तीट लावून कामाला जुंपणारं प्रथिन. आईला ते जमण्यासारखंच होतं. मला डबा संपवायला सांगता सांगता ती बारीक होत गेली आणि माझ्या हातातल्या ओल्या पट्टीत शिरली. पट्टीवर आधीच हजारो प्रथिनं होती. पट्टी वाळली की आई कायमची जाणार होती.

"रडतेस काय? ससा काढ," रेहाना म्हणाली. आम्ही दोघी लॅबमध्ये एकाच टेबलावर काम करतो.

पट्टी आधी दुधात भिजवली, म्हणजे ससा भलतीकडे चिकटत नाही. मग फ्रीजमधली प्रतिपिंडाची, म्हणजे ठरावीक प्रथिनालाच धरणाऱ्या रेणूची, कुपी उघडली. प्रतिपिंड सशाच्या रक्तातलं, त्यामुळे ससाच बाहेर आला.

"मी एकीलाच ओळखतो," तो म्हणाला.

"तीच हवीय रे बाबा!"

तो पट्टीत उतरला. भिंती जवळ सरकल्या. टेबलाभोवती आता फिरता येईना.

त्याने आईला धरलं की नाही ते दिसायला वरून दुसरं प्रतिपिंड घालतात, सशाला धरून उजळणारं. मी घातलं. काहीच उजळलं नाही. छत डोक्याला टेकलं.

"अगं बाई, बाटली बघ चारू! उंदीर धरणारं ओतलंस तू!"

"मी उंदीर दिसतो का?" पट्टीतून ससा चिडला. "केव्हापासून धरून बसलोय बाईंना!"

धरून बसलाय! कोण कुठला ससा, ना ओळख ना पाळख, आणि माझ्या आईला सोडत नव्हता. "तुझे उपकार कसे फेडू रे राजा," मी म्हणाले.

"सशावालं संपलंय," रेहानाने बाटली उलटी करून दाखवली. पट्टीची कड वाळायला लागली होती.

मग दुसऱ्या प्रतिपिंडाच्या जागी मीच वाकले. वाकायला पट्टीपुरतीच जागा उरली होती. दोन्ही हातांनी सशाला पोटाशी धरलं. चांगला उबदार होता. रेहानाने माझ्यावर पकड चमकवणारं उजेडाचं पाणी ओतलं आणि दिवा बंद केला. माझे तळवे निळे उजळले.

"दिसली!" ती ओरडली. "चारू, आई दिसली गं! हलू नकोस हां, अजिबात सोडू नकोस."

मला सशाची पाठ तेवढी दिसत होती. पलीकडून कुणीतरी त्याच्या कानांवरून हात फिरवत होतं.